सून मोबाइलला विचारते, मला नाही

प्रिय डॉक्टर,

मी ६३ वर्षांची आहे, कोथरूडला राहते. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीत नोकरीला आहेत. सुनेला दिवस गेलेत, सातवा लागलाय. पहिलटकरीण आहे. घरात सगळे आनंदात आहेत, म्हणून ही तक्रार लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं.

तिच्या मोबाइलमध्ये गरोदरपणाची तीन अ‍ॅप आहेत. सकाळी उठली की आधी ती उघडते, मग चहा. बाळ केवढं झालं, आज काय खायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, सगळं त्यात बघते. मी पपई घरात येऊ देत नाही, तर म्हणाली, ‘आई, पिकलेली चालते, अ‍ॅपमध्ये लिहिलंय.’ दोन मुलं वाढवलेल्या बाईच्या शब्दापेक्षा त्या मोबाइलचा शब्द मोठा झाला, याचं मला वाईट वाटतं.

अ‍ॅप १२ मार्च तारीख सांगतं आणि फाइलवर डॉक्टरांनी २० मार्च लिहिली आहे. त्यावरून ती दोन दिवस अस्वस्थ होती. गेल्या गुरुवारी रात्री बाळ हलत नाही म्हणून मोबाइल घेऊन मोजत बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, झोपलं असेल बाळ, तूही झोप. सकाळी हालचाल नीट जाणवली. मुलगा चिडला, म्हणाला, काढून टाक ती अ‍ॅप. तिने काढली नाहीत, उलट बाळाचे ठोके घरी ऐकायचं यंत्र ऑनलाइन मागवलंय.

हे वेड कसं सोडवायचं? आणि मी वाईट वाटून घेते, ते चूक आहे का?

– होणारी आजी, कोथरूड

ताई,

वाईट वाटणं चूक नाही. त्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण तुमच्या पत्रातल्या गुरुवारच्या रात्रीशी मी अडले आहे. आधी तिथे जाऊ.

त्या रात्री सुनेनं मोबाइलला विचारलं आणि तुम्ही तुमच्या अनुभवाला विचारलं. दवाखान्यात फोन कोणीच केला नाही. सकाळी बाळ हललं, देवाची कृपा. पण पुढच्या वेळी असं होऊ देऊ नका, एवढं मी तुम्हाला हात जोडून सांगते. प्रसूतिगृहात रात्री दोन वाजताही नर्स जागी असते आणि ‘बाळ कमी हलतंय’ हे वाक्य तिथे कुणी हसण्यावारी नेत नाही. मी इतकी वर्षं बाळंतपणं केली. अशा फोननंतर धावत आलेल्या आणि सगळं ठीक निघालेल्या कितीतरी मुलींना मी घरी पाठवलं आहे. त्यातल्या एकीलाही मी ‘उगाच आलीस’ म्हटलेलं नाही. उलट जी सकाळपर्यंत थांबली, तिचीच मला काळजी वाटत आली आहे.

आता हालचालींचं जरा नीट सांगते, कारण इथे अ‍ॅपही अर्धवट सांगतात आणि घरातल्या मोठ्या बायकाही. पहिलटकरणीला बाळ फिरल्याचं साधारण १८ ते २० आठवड्यांत कळतं, वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. त्यानंतर काही आठवडे त्या हालचालींना ठरावीक वेळ नसते. आज खूप, उद्या थोड्या. म्हणून मोजणी सहसा २८ आठवड्यांनंतर करायला सांगतात. तुमची सून डॉक्टरांच्या हिशेबाने २६ आठवड्यांची आहे. तिने आताच अ‍ॅपवर रोजचा आकडा गाठायला बसणं म्हणजे उगाच जिवाला घोर. त्या मोजणीत अ‍ॅपचा वाटाही एवढाच, की तिने पडद्यावर बोट टेकवलं की आकडा एकाने वाढतो. पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

पण मोजू नकोस याचा अर्थ लक्ष देऊ नकोस असा नाही. एकदा हालचाल जाणवू लागली की ती बंद झाली किंवा स्पष्ट कमी झाली, तर २६वा आठवडा असो की ३८वा, फोन करायचा. ‘झोपलं असेल’ हे तुमचं म्हणणं तासाभरापुरतं खरं आहे. पोटातलं बाळ २० ते ४० मिनिटं झोपतं, दीड तासाच्या वर क्वचितच. रात्रभर झोपत नाही. २८ आठवड्यांनंतर शंका आली तर कुशीवर आडवं व्हायचं, टीव्ही आणि मोबाइल दोन्ही बाजूला ठेवायचे, पोटाकडेच लक्ष द्यायचं. दोन तासांत दहा हालचाली हा ढोबळ ठोकताळा आहे. त्याहून मोठी खूण म्हणजे या बाळाची रोजची सवय बदलली का. ती आईलाच कळते. दहा भरल्या तरी ‘आज हे नेहमीसारखं नाही’ असं तिला वाटलं, तर तिचं ऐकायचं. नवव्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. ते चुकीचं आहे. लाथेची जागा ढुशी आणि वळवळ घेते, पण हालचाल शेवटपर्यंत चालूच राहायला हवी.

आता ते यंत्र. डॉपलर म्हणतात त्याला, आमच्या हातातही असतं. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. आईचे एरवी ७० ते ९०, पण घाबरलेल्या आईची नाडी सहज ११०, १२० वर जाते. मग ती पोटावर यंत्र ठेवते, तिला धडधड ऐकू येते आणि ती निश्चिंत होते. ते ठोके तिचे स्वतःचेही असू शकतात, किंवा वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा सूं सूं आवाज असू शकतो. हे ओळखायला कान तयार व्हावा लागतो, आम्हालाही शिकावं लागलं. शिवाय ठोके बाळाचेच असले, तरी ठोके आहेत म्हणजे बाळ त्रासात नाही असं होत नाही. तो फरक दवाखान्यातल्या ठोक्यांच्या आलेखावर, वीसेक मिनिटं बघितल्यावर कळतो. हालचाल कमी झालेली असताना घरी आवाज ऐकून थांबलेली बाई हीच या यंत्राची खरी भीती आहे. असं यंत्र नसताना नुसत्या मोबाइलच्या माइकवर ठोके ऐकवणारी अ‍ॅपही असतात, आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारीही. त्यांच्यावर तर मुळीच विसंबू नका. यंत्र परतच जायला हवं. पण परत पाठवा असं तुम्ही सांगू नका, मुलानेही नको. पुढच्या तपासणीला ते पिशवीत घालून न्या आणि तिच्या डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा.

तारखेचं कोडं मात्र सोपं आहे आणि ते तुम्हाला आवडेल. आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणायच्या. जर्मनीत नेगेले नावाचे एक प्रसूतितज्ज्ञ होऊन गेले, १७७८ ते १८५१ हा त्यांचा काळ. त्यांच्या नावाचा नियम आम्ही अजून शिकवतो: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. झाले २८० दिवस, ४० आठवडे. अ‍ॅप हेच करतं. आजीच्या आणि त्याच्या हिशेबात दोन दिवसांचं अंतर! पण हा हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. जिची पाळी ३५-३६ दिवसांनी येते, तिला दिवसही तेवढेच उशिरा राहतात, आणि अ‍ॅपची तारीख तेवढीच आधीची निघते. तुमच्या घरातल्या आठ दिवसांच्या फरकामागे बहुधा हेच असेल.

डॉक्टरांनी २० मार्च हवेतून काढलेली नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. त्या काळात जगभरची बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून त्या मापावरून काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची. पुढे कोण उंच आईबापांचं, कोण बारीक, असे फरक पडत जातात. म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर निराळी तारीख छापून आली, तरी आम्ही आधीची खोडत नाही. तेव्हाही सुनेला धीर द्यावा लागेल, आत्ताच सांगून ठेवते.

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. बहुतेक अ‍ॅपमध्ये तारीख हाताने बदलता येते. तिला २० मार्च घालायला सांगा. हे न करता ती तशीच पुढे गेली, तर २० मार्चला अ‍ॅपच्या मते तिचे ४१ आठवडे उलटून गेलेले असतील, आणि दिवस भरून वर गेले या काळजीत तो शेवटचा आठवडा तुम्ही सगळे रडकुंडीला याल. आणि २० मार्चही काही मुहूर्त नाही. दिलेल्या तारखेलाच जन्मणारं बाळ वीसातलं एखादं. नातेवाइकांना तारीख सांगूच नका, ‘मार्चअखेर’ म्हणा. १७ तारखेपासून ‘झालं का’ म्हणून येणारे फोन वाचतील.

बाळ केवढं झालं, हे बघायला तिला आवडतं. आवडू द्या. त्यातली फळं मात्र दुसऱ्या देशातली असतात, ब्लूबेरी, अ‍ॅव्होकॅडो, काय काय. तुम्ही तिला आपल्या मंडईतली उपमा द्या: सातव्या आठवड्याला वाटाण्याएवढं, सोळाव्याला पेरूएवढं. एक गोष्ट तिने पाहिली असेल आणि विचारायची राहिली असेल. १९ आठवड्यांत बाळ १५ सेंटिमीटर असतं आणि २०व्यात एकदम २५. बाळ आठवड्यात इतकं वाढत नाही. तोवर डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजतात, विसाव्यापासून टाचेपर्यंत. पाय धरले की आकडा उडी मारतो.

वजनाच्या आकड्यांवरून मात्र तिला घाबरू देऊ नका आणि तुम्हीही ताटात जास्तीचं वाढू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. दिवस राहण्याआधीपासून त्यांचं खाणंपिणं, काम, वजन सगळं नोंदवलं आणि मग त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर जन्मली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. म्हणजे बाहेरच्या देशातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर आपलं चांगलं बाळही मागे पडल्यासारखं दिसतं. आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट अशी, की आपली ही बारीक बाळं चरबीच्या मानाने बारीक नव्हती. पुढे मधुमेहाकडे झुकणारी ही ठेवण. म्हणून ‘दोन जिवांचं खा’ म्हणत तूप, साखर, लाडू वाढवत नेणं हा आपल्याकडे उपाय नाही. याच अभ्यासात ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार घेत होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली. आता डिसेंबर आहे. मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, पेरू, आवळे, सगळं मंडईत आलेलं आहे. हे ज्ञान परदेशी अ‍ॅपमध्ये सापडणार नाही. ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे आणि पुण्यातच सिद्ध झालेलं आहे.

पपईत मात्र सून बरोबर आहे. कच्च्या पपईत चीक असतो, ती नको. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन-चार फोडींनी काही होत नाही. तुमच्या आईने तुम्हाला जे सांगितलं, त्यामागे कच्च्या पपईचीच भीती होती. ती पुढे सगळ्या पपईला लागली. कुशीचंही तसंच. तुम्ही डावी म्हणत असाल, अ‍ॅपही डावी म्हणतं. २८ आठवड्यांनंतर कुठल्याही कुशीवर झोप लागली तरी चालतं, उताणं झोपी जाऊ नये इतकंच. मध्यरात्री जाग आली आणि ती पाठीवर असली, तर कूस बदलून झोपायचं. त्यावरून घाबरायचं कारण नाही.

अ‍ॅपचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो, तो गोळ्यांची आठवण करण्याचा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, दोन तासांचं तरी अंतर हवं. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहाही नको. आणि पुण्यात चार वाजले की चहा आलाच. गजर अ‍ॅपने वाजवावा, गोळीबरोबर आवळ्याची फोड किंवा लिंबूपाणी तुम्ही द्यावं. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी करतात, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी रक्त घेतात. झाली का ते विचारा. अ‍ॅपने तिला कळवलं असेल, तर ते त्याने चांगलंच केलं.

आता तुमचं वाईट वाटणं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही तिला काय सांगितलं आणि मोबाइलने तिला काय सांगितलं, हे त्यात आहे. तिने तुम्हाला काय विचारलं, हे कुठेच नाही. ती विचारतच नसेल, असं मला वाटतं, आणि तुमच्यावर विश्वास नाही हे त्याचं कारण नसावं. माझ्यासमोर बसून मुली ज्या गोष्टी विचारतात, त्या बाहेर बसलेल्या सासूला काय, आईलाही विचारत नाहीत. अंगावर पांढरं जातं ते ठीक आहे का. शौचाला त्रास होतो. नवऱ्याजवळ गेलं तर चालतं का. मला या बाळाचा आनंदच होत नाहीये, मी वाईट आई आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारायला एक मुलगी चार तपासण्या थांबली होती. मोबाइलला यातलं काहीही रात्री तीन वाजता, अंधारात, आवाज न करता विचारता येतं. तो ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणत नाही, जेवणाच्या टेबलावर विषय काढत नाही. तिला माहिती हवी आहे, पण त्याहून जास्त तिला विचारल्यावर कुणी नाराज होऊ नये असं वाटतंय. हे मी तुम्हाला दोष म्हणून सांगत नाही. शिक्षिकेला उत्तर देण्याची सवय असते, आणि तुमची उत्तरं पुष्कळदा बरोबरही असतील. काही दिवस उत्तरं थोडी मागे ठेवून पाहा.

त्याऐवजी तिला तुमच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल सांगा. उपाय नकोत, घडलं ते सांगा. कुठल्या दवाखान्यात होता, कळा किती तास चालल्या, बाहेर कोण बसलं होतं, तुम्हाला कशाची भीती वाटत होती. तुम्हीही घाबरला असाल ना? त्या वेळी तुम्ही कुणाला सांगितलं? तुमच्या मुलाच्या जन्माची ती गोष्ट सांगणारं तुमच्याशिवाय तिला कोण भेटणार आहे? ती ऐकताना ती तुम्हाला काहीतरी विचारेल. तिचा पहिला प्रश्न आला की सल्ला देऊ नका, ‘मलाही तसंच व्हायचं’ एवढं म्हणून थांबा.

मुलाला सांगा, काढून टाक असा हुकूम सोडू नकोस. तीनऐवजी एकच अ‍ॅप ठेवू या, असं दोघांनी बसून ठरवावं. ज्यात मजकूर कुणा डॉक्टरांनी तपासल्याचं लिहिलं आहे, जाहिराती कमी आहेत आणि तारीख बदलता येते, ते ठेवावं. रात्री नऊनंतरच्या सूचना बंद कराव्यात. त्यात डॉक्टरांनी दिलेली तारीख पुरते. आधार क्रमांक, सोनोग्राफीचे रिपोर्ट, दवाखान्याचं नाव यातलं काही घालायची गरज नाही. अमेरिकेत २०२१ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो नावाच्या अ‍ॅपवर कारवाई केली होती, कारण बायकांनी विश्वासाने भरलेली माहिती फेसबुक आणि गूगलच्या जाहिरात-विश्लेषणाच्या यंत्रणांपर्यंत गेली होती. दिवस राहिले ही गोष्ट आपण पाचवा लागेपर्यंत शेजारणीलाही सांगत नाही, मग ती अनोळखी कंपन्यांना कशाला सांगायची?

मुलगा की मुलगी हे ओळखणारा तक्ता अशा अ‍ॅपमध्ये पुष्कळदा असतो. ते निव्वळ थोतांड आहे, आणि तो विषय घरात कुणी काढला तर तिथेच थांबवायचं काम तुमचं. गर्भलिंग तपासण्याविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला. तो का करावा लागला हे तुमच्या-माझ्या वयाच्या बायका विसरलेल्या नाहीत.

एक जड गोष्ट लिहिते, तुमच्या घरासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. ती घरी गेली, आणि पुढच्या सोमवारी सकाळी तिच्या मोबाइलने तिला कळवलं की बाळ आता एवढं झालंय, ते तुमचा आवाज ओळखू लागेल. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. तिच्यात तो मोबाइल उघडून ते बंद करायची ताकद नव्हती. शेवटी तिच्या नणंदेने ते केलं. ओळखीत कुणावर अशी वेळ आली, तर भेटायला जाताना पहिलं काम हे करा: हळूच विचारून तिच्या मोबाइलमधली अशी अ‍ॅप बंद करा. बहुतेक अ‍ॅपमध्ये बाळ राहिलं नाही हे नोंदवायची सोय असते, ती कुठे आहे ते दुसऱ्याने शोधावं.

अ‍ॅप ठेवा, पण काही गोष्टी त्याला विचारायच्या नाहीत आणि तुम्हालाही नाहीत, थेट निघायचं. अंगावरून लाल गेलं, थोडंसं का असेना. पाणी गेल्यासारखं वाटलं. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे चांदण्या येतायत, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज आली, बरगडीखाली दुखतंय: हे बीपी वाढल्याचं असू शकतं आणि ते रात्रीतून बिघडतं. ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखू लागलं. ताप आला. तळहात-तळपायांना किंवा अंगभर, खाजवत राहावं अशी खाज सुटली, पुरळ काही नाही. आणि बाळाची हालचाल, ती सगळ्यात आधी.

निघायचं म्हणजे कुठे, हेही आत्ताच ठरवा. नाव घातलेला दवाखाना घराजवळ असेल, पण ती दिवसभर असते हिंजवडीला. संध्याकाळी सहाला तिथून कोथरूडला यायला किती वेळ लागतो, हे तुमचा मुलगा रोज भोगतो. तिला तिथे काही झालं तर वाकड-हिंजवडीच्या बाजूचा प्रसूतीची सोय असलेला कुठला दवाखाना, हे तिच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. फाइलच्या पहिल्या पानाचा, रक्तगटाचा आणि शेवटच्या सोनोग्राफीचा फोटो तिच्या, मुलाच्या आणि तुमच्या, तिघांच्याही मोबाइलमध्ये असू दे. १०८ वर रुग्णवाहिका फुकट येते. प्रसूतिगृहाचा रात्रीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, बाह्यरुग्ण विभागाचा नव्हे.

ती पुन्हा पुन्हा रडते आहे, झोप लागत नाही, दिवसभर तेच तेच शोधत बसते, असं दोन आठवडे चाललं तर ते अ‍ॅपचं वेड समजू नका. गरोदरपणातली चिंता हा उपचार होणारा आजार आहे. तिच्या डॉक्टरांना सांगा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं. ‘वेड’ हा शब्द तुम्ही पत्रात माझ्याजवळ वापरलात, तिच्यासमोर वापरला नसेल अशी आशा करते.

आणि गुरुवारबद्दल तिच्याशी आजच बोला, ती ऑफिसातून आली की. डोहाळजेवणाची गडबड सुरू झाली की राहून जाईल. फार काही बोलायचं नाही. तिच्याजवळ बसून एवढंच म्हणा: ‘त्या रात्री मी तुला झोप म्हटलं, ते चुकलं. पुन्हा असं वाटलं तर कितीही वाजलेले असोत, मला उठव. आपण दोघी मिळून दवाखान्यात फोन करू.’